तारेवरची शून्यं

तार बरोबर मध्यावर छेडली, तर तिच्या स्वरातले सम क्रमांकाचे अंश उमटतच नाहीत. साताऱ्याला बी.एस्सी.ला असताना सोनोमीटरवर हे शिकले, तेव्हा ऐकू येणाऱ्यांपेक्षा न येणाऱ्यांचंच मला नवल वाटलं. थॉमस यंगनं १८०० मध्ये नियम सांगितला: ज्या अंशाचा निस्पंद बिंदू छेडलेल्या जागी पडतो, तो गैरहजर; त्याच्या जागी शून्य. पाचव्या हिश्शावर छेडा, पाचवा जातो. म्हणजे कोण गैरहजर आहे यावरून बोट कुठे लागलं ते ओळखता येतं.

पुढे गणितात ही शून्यं पुन्हा भेटली. मूळबिंदूच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, सारखी वजनं ठेवा. त्यांचं फूरिये रूपांतर म्हणजे साधा कोसाइन. त्याची शून्यं वास्तव रेषेवर ओळीनं बसलेली. आता एक वजन किंचित वाढवा. रेषेवर एकही शून्य उरत नाही! पण ती नष्ट होत नाहीत. आपापसातलं अंतर राखून सगळीच्या सगळी उठतात आणि संमिश्र प्रतलातल्या समांतर रेषेवर जाऊन बसतात. इतकं सुंदर काही मी तोवर कागदावर मांडलं नव्हतं. गाउसचा घंटाकृती वक्र घेतला, तर मात्र शून्य प्रतलातही कुठे नाही.

माझं माहेर मिरजेचं, आणि तिथला तंबोरा यंगचा नियम पाळत नाही. चं. वें. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं, की तंबोऱ्याची किंवा वीणेची तार निस्पंद बिंदूवर छेडली तरी गप्प बसायला हवा तो अंश खणखणीत वाजतो. कारण घोडीत आहे. तिचा माथा रुंद, किंचित बाकदार. कंप पावणारी तार त्याला क्षणोक्षणी वेगळ्या जागी टेकते. सतारमेकर गल्लीतले कारागीर हा बाक घासत, ऐकत, पुन्हा घासत ठरवतात. याला जवारी काढणं म्हणतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळायलाच हवं होतं.

सांगलीला शिकवताना मी वर्गात तंबोरा नेत असे. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला, की स्वयंभू गंधार खुलायचा. तो पाचवा अंश. मग पाचव्या हिश्शावर छेडून मुलांना विचारायची, इथलं शून्य गेलं कुठे? ते कोसाइनच्या शून्यांसारखं प्रतलात सरकलेलं नाही. तार आणि घोडी मिळून रेषीय राहिलेली नाहीत, म्हणून यंगचा नियमच लागू होत नाही. भाकीत करायचं तर घोडीचा बाक समीकरणात आणावा लागतो, आणि तो प्रत्येक तंबोऱ्याचा वेगळा, हातानं घासलेला असतो.