खडकातील वाट

अंधेरीत ज्यांनी काही वर्षे काढली आहेत, त्यांना तेथील काळा खडक परिचयाचा असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींतून वाहिलेल्या लाव्हारसाने हा प्रदेश घडविला. पश्चिमेस गिल्बर्ट टेकडीचे खांबांसारखे उभे कडे त्याची साक्ष देतात. पूर्वेस महाकाली लेण्यांत कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने डोंगराच्या पोटात भिक्षूंसाठी विहार कोरले. तेथे दान देणाऱ्याचे नाव शिलालेखात आहे. परंतु ज्यांनी दगड फोडला, त्यांचे नाव मला कोठे आढळले नाही.

अशाच एका खडक फोडणाऱ्याची मला ओळख आहे. तो माझा जुना विद्यार्थी. चंद्रपूरकडील कोळशाच्या खाणीत त्याने अनेक वर्षे यंत्रे चालविली. पुढे मुंबईत कुलाबा ते आरे ही साडेतेहेतीस किलोमीटरांची भुयारी मेट्रो होऊ लागली, तेव्हा तो मरोळला आला. या कामासाठी १७ प्रचंड भुयारयंत्रे आणली होती. त्यांपैकी कित्येकांना गोदावरी, कृष्णा, वैनगंगा, वैतरणा अशी आपल्या नद्यांची नावे दिली होती.

आमची चाळ त्या वाटेच्या जवळच होती. घराच्या भिंती जुन्या. खाली खोदकाम चालू आहे, हे कळल्यापासून शेजाऱ्यांची झोप उडाली होती. एके दिवशी तो भेटावयास आला, तेव्हा मी त्याला माझी चिंता बोलून दाखविली.

तो म्हणाला, "सर, मला पुढचा खडक दिसतच नाही. यंत्राचे फिरते तोंड पुढे असते आणि मी मागे खोलीत पडद्यांसमोर बसतो. दाब किती, वेग किती, यंत्र आपल्या रेषेत आहे का, हे सारे आकड्यांवरून कळते. पण आकड्यांच्या आधी आवाज बदलतो. कठीण खडकात तो एकसारखा येतो. भेग आली की बिघडतो."

यंत्राच्या तोंडावरील पोलादी चकत्या खडकावर दाबल्या जातात आणि त्याचे तुकडे उडतात. ते पट्ट्यावरून मागे वाहून नेले जातात. थोडे अंतर कापले, की काँक्रीटचे तुकडे जोडून भुयाराला आतून कडे बसवितात आणि त्याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे सरकते. हे काम दिवसरात्र पाळ्यांत चाले. आत उकाडा आणि दमटपणा, कानठळ्या बसविणारा आवाज. सूर्याचे दर्शन नाही.

एका रात्री तो आवाज बिघडला. त्याने तत्काळ यंत्र थांबविले. काम मागे पडत होते आणि प्रत्येक तासाचा हिशेब द्यावा लागे. वरिष्ठांनी कारण विचारले. पडद्यावरील आकडे तर अजून ठीक होते! तरीही तो हटला नाही. तपासणी केली, तेव्हा पुढे खडकाला भेग असून तीतून पाणी झिरपत असल्याचे आढळले. ती बुजविल्यावरच काम पुढे गेले.

"तुला भीती वाटली नाही?" मी विचारले.

"वाटली ना, सर! पण वर लोक झोपले होते."

२४ सप्टेंबर २०१८ रोजी मरोळहून निघालेले गोदावरी यंत्र विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलपाशी खडक फोडून बाहेर आले. या मार्गावरील पहिले भुयार पूर्ण झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेवटचे भुयार खोदून झाले आणि ऑक्टोबर २०२५ पासून गाडी आरेपासून कफ परेडपर्यंत धावू लागली.

बालमित्रांनो, त्या गाडीत बसाल तेव्हा खिडकीबाहेर केवळ अंधार दिसेल. मरोळ ते विमानतळ हे अंतर गाडी काही मिनिटांत कापते; ते खोदावयास कित्येक महिने लागले. माझा विद्यार्थी आता दुसऱ्या भुयारात कामाला आहे. आमच्या चाळीच्या भिंती आहेत तशाच उभ्या आहेत, आणि माझे बहुतेक शेजारी त्याला ओळखतही नाहीत.