विंगलेस किती लांब जातं?

३ जुलै, पुणे

बाहेर संततधार, फळमाश्यांच्या खोलीत नेहमीसारखं २५ अंश. मक्याचं पीठ आणि यीस्टचा आंबूस वास कपड्यांना चिकटून घरी येतो. आई दारातच नाक मुरडते. काचेवर चढलेल्या अळ्या उचलून पंखाच्या चकत्या काढल्या. पुढे होणारा पंख अळीच्या अंगात असा चपटा पडून असतो. चकतीच्या मधल्या अरुंद पट्टीतल्या पेशी विंगलेस हे प्रथिन बनवतात. ते दोन्हीकडे पसरतं, आणि कुणाला किती मिळालं त्यावर पंखाची घडण ठरते. विंगलेसचं जनुक बिघडलेली पहिली बिनपंखी माशी आर. पी. शर्मांनी १९७३ मध्ये नोंदवली, तीही दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतून. इथे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

५ जुलै

दिवसभर बर्फ. जिवंत चकत्या गारठवल्या की पेशींचं गिळणं थांबतं, आणि अँटीबॉडी फक्त बाहेरच्या विंगलेसला धरते.

९ जुलै

रिसेप्टर म्हणजे पेशीचा कान, हे पाठ्यपुस्तकातलं वर्णन मला अपुरं वाटतं. हेजहॉग हेही विंगलेससारखं पसरणारं प्रथिन. ते आलं की पेशी त्याचाच रिसेप्टर, पॅच्ड, आणखी बनवते आणि हेजहॉगला तिथेच अडवते (चेन आणि स्ट्रूल, १९९६). असंच तिसरं प्रथिन डीपीपी, त्याचा रिसेप्टर थिकव्हेन्स. तो वाढवला की डीपीपीची पोच आखडते, हे लेक्वी आणि कोहेन यांनी १९९८ मध्ये दाखवलं. कालव्याच्या हेडला पंप वाढले की टेलचं शेत कोरडं, तसंच. पण चकतीने हेडचे पंप मुळातच लहान ठेवलेत: मध्यात थिकव्हेन्स कमी, कडेला जास्त.

१० जुलै

विंगलेसपाशी हा हिशेब उलटतो. त्याचा रिसेप्टर फ्रिझल्ड-२ वाढवला तर विंगलेस आटत नाही. उलट टिकतं, लांबवर दिसतं (कॅडिगन आणि सहकारी, १९९८). म्हणूनच की काय, विंगलेस जिथे भरपूर तिथे ते फ्रिझल्ड-२ला दाबतं. मग विंगलेसची विल्हेवाट कोण लावतं? पिद्दिनी आणि व्हिन्सेंट यांच्या गटाचं २००५ चं उत्तर: फ्रिझल्ड-२ आणि त्याचा जोडीदार रिसेप्टर ॲरो, दोघं मिळून. ॲरो नसलेल्या पेशींत विंगलेस साचतं. एकटा फ्रिझल्ड-२ नुसता धरून बसतो. धरणं आणि संपवणं ही दोन कामं वेगळी, हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर वाटतं.

१४ जुलै

बंगळुरूच्या एनसीबीएसमधला, सत्यजित मेयर यांच्या गटाचा २०१६ चा पेपर पुन्हा वाचला. विंगलेस पेशीच्या वरच्या अंगाने आत येतं, फ्रिझल्ड-२ खालच्या अंगाने, दोघांच्या वाटा वेगळ्या. गाठ पडते ती आत, एंडोसोम या पेशीतल्या पिशवीत. म्हणजे रिसेप्टर बाहेर हात पसरून उभा असतो, हे चित्रही अर्धवटच.

दुपारी गाइडनी मुद्दाम काडी टाकली: २०१४ मध्ये व्हिन्सेंट यांनीच विंगलेस पेशीच्या पडद्याला बांधून टाकलं, तरी माश्यांना जवळपास नेहमीसारखे पंख आले. मग हा पसरण्याचा अभ्यास कशाला? मी म्हटलं, "सर, त्या माश्यांची वाढ उशिरा झाली, ते कशामुळे?" चहा गार झाला तरी वाद चालूच होता. उद्या ॲरोच्या चकत्या बर्फावर.