जळू, जोंक आणि अलक

मराठीत जळू, उर्दूत जोंक, अरबीत अलक. मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, पण 'जळूसारखा चिकटला' असं कौतुकाने म्हटलेलं दोन्हींत कधी ऐकलं नाही. वैद्य-हकीम मात्र तिची कदर करतात. सुश्रुताने जळवांचे बारा प्रकार सांगितले, सहा विषारी, सहा बिनविषारी. युनानीत या उपचाराला इर्साल-ए-अलक म्हणतात.

गुडघेदुखीवर जळवा लावून घ्या, असं अम्मीला कुणीतरी सुचवलंय. अम्मी रक्त पातळ करणारी गोळी घेते. ती म्हणाली, "बेटा, हजारो वर्षांचा इलाज आहे, त्याने काय नुकसान होणार?"

मी तिला जळूच्या जनुकांची गोष्ट सांगितली. हिरुडो मेडिसिनॅलिस या युरोपातल्या औषधी जळूच्या जीनोमचा कच्चा आराखडा २०२० साली प्रसिद्ध झाला. ७९ ते ९४ टक्के जीनोम वाचून झाला, असा संशोधकांचाच अंदाज. त्यात रक्त गोठू न देणारे आधीपासून माहीत असलेले १५ घटक सापडले, आणि रक्तस्राव थांबू न देण्याशी संबंध असलेली आणखी १७ प्रथिनं. आपण एकट्या हिरुडिनचं नाव ऐकलेलं असतं. तिच्या लाळेत तर अख्खा दवाखाना आहे! (जातीची ओळखही सोपी नाही. मेडिसिनॅलिस म्हणून विकल्या जाणाऱ्या जळवा प्रत्यक्षात हिरुडो व्हर्बाना निघाल्या, हे २००७ मध्ये डीएनए तपासणीतून कळलं.)

अम्मीने बरोबर मुद्दा पकडला. "म्हणजे ती माझ्या गोळीचंच काम करते?"

तेच तर! जळू सुटल्यावर धडधाकट माणसाची जखमसुद्धा कित्येक तास पाझरते. त्यात वरून गोळी असली, तर रक्त थांबणार कसं? शिवाय जळूच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जिवाणू असतात, त्यांचा संसर्ग वेगळाच. प्लास्टिक सर्जरीत जोडलेल्या बोटात रक्त साचलं तर मोठ्या रुग्णालयांतही जळवा लावतात. अमेरिकेच्या एफडीएने २००४ मध्ये तशी परवानगी दिली. पण तिथे रक्त किती गेलं यावर नजर ठेवतात, अँटिबायोटिक देतात. म्हणून इलाज खोटा आहे असं मी म्हणत नाही. जाणता हकीम आधी विचारतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत? अम्मीला सल्ला देणाऱ्याने ते विचारलंच नव्हतं.

"मग गुडघ्याचं काय?" अम्मीने विचारलं. तिच्या दुखण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळ्यांची चिठ्ठी घेऊन गुरुवारी आम्ही तिच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. जळवांचं मीच विचारावं, अशी तिची अट आहे.