बहात्तरावा भाग

नाशिकजवळ ओझरला, विमान कारखान्याच्या आमच्या टाउनशिपमध्ये सकाळच्या शिफ्टचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. त्यांत माझे वडील, अण्णा, असायचे. पलीकडे इंजिनची चाचणी सुरू झाली की घरांची तावदानं थरथरायची आणि शाळेत बाई शिकवता शिकवता थांबायच्या. आवाज ओसरला की पुढचं वाक्य. आम्हां पोरांना विमानाचं अप्रूप नव्हतं. विमान म्हणजे वडिलांची नोकरी. गावाचं नावसुद्धा लोकांच्या तोंडी 'ओझर मिग' झालं होतं. नाशिकला सीबीएस बसस्टँडवर कंडक्टर "मिगवाले कोण?" असं विचारायचा आणि आम्ही हात वर करायचो.

१९७९च्या मे महिन्यात मामा आला. तो बोटीवर नोकरीला होता. त्यानं लंडनहून माझ्यासाठी एअरफिक्सच्या मॉडेलचं एक पाकीट आणलं होतं: मिग-२१, एकास बहात्तर. बाहुली आणायची तर हे काय आणलंस, असं आई म्हणाली. मामा म्हणाला, "ताई, तिच्या बापाचं विमान आहे."

आत काड्यांच्या चौकटीला लगडलेले करड्या प्लास्टिकचे भाग होते. पंख, शेपटी, अर्धं पोट, दुसरं अर्धं पोट, तांदळाएवढी चाकं, बसलेला वैमानिक, आणि एका वेगळ्या पिशवीत काचेसारखी पारदर्शक टोपी. त्या चौकटीला स्प्रू म्हणतात हे मला फार पुढे कळलं. तेव्हा मी तिला जाळी म्हणायचे. संध्याकाळी अण्णा आले, चहा न घेताच खाली बसले आणि त्यांनी सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडले. मग म्हणाले, "आम्हीही हेच केलं. फक्त आमच्या पेट्या मोठ्या होत्या."

ते खरंच होतं. ओझरच्या कारखान्यातली सुरुवातीची मिग विमानं सोव्हिएत रशियाहून सुट्या भागांच्या पेट्यांमध्ये आली आणि इथे जोडली गेली. पुढे एकेक भाग इथेच बनू लागला. इंजिनं कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, सांगाडा ओझरला. अण्णा आयटीआय करून १९६६ साली तिथे लागले, फिटर म्हणून. मी कळती झाले तेव्हा ते इन्स्पेक्शनमध्ये होते. विमानाच्या कारखान्यात तपासणाऱ्या प्रत्येकाचा स्वतःचा नंबर असलेला शिक्का असतो. काम पाहायचं, मोजायचं, बोट फिरवायचं आणि पटलं तरच कागदावर शिक्का मारायचा. नाही पटलं तर काम परत. तो शिक्का माणसाच्या सहीपेक्षा मोठा असतो, कारण विमान कुठेही गेलं तरी तो नंबर कागदावर राहतो. अण्णांच्या हाताखालून कामं परत जायची, खूप जायची. कॉलनीत त्यांच्याबद्दल बोललं जायचं ते याचसाठी.

चिकटवायचं कशानं? फेव्हिकॉल या प्लास्टिकला धरत नाही, वाळलं की पापुद्र्यासारखं सुटतं. अण्णांनी नाशिकहून मोटारी रंगवणाऱ्याकडून बाटलीभर थिनर आणलं. ते प्लास्टिकला विरघळवतं. दोन कडांना ब्रशनं लावायचं, दाबून धरायचं, वरचा थर मऊ होऊन दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि थिनर उडून गेलं की सांधा उरत नाही, एकच तुकडा होतो. याला चिकटवणं म्हणणं चूकच आहे. ते वेल्डिंग आहे. या छंदातली उत्तम द्रावणंही आज हेच काम करतात, फक्त बाटलीला बारीक ब्रश असतो आणि वास थोडा सौम्य असतो.

मे महिना, पंखा बंद (भाग उडतील म्हणून), स्वयंपाकघरापर्यंत थिनरचा वास आणि आईची कुरकुर. मी डावा पंख हातात धरला आणि माझा ओला अंगठा त्यावर टेकला. उचलला तेव्हा पंखावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेषान् रेषा. मऊ झालेल्या प्लास्टिकनं तो लाखेसारखा घेतला होता.

विमान उभं केलं तर शेपटीवर बसलं. अण्णांनी नाकातला शंकू उघडून आत सोल्डरच्या तारेचं वेटोळं बसवलं, तेव्हा ते तीन चाकांवर नीट उभं राहिलं. मग त्यांनी ते उचलून डोळ्यांसमोर धरलं, पुढून, मागून, खालून. नाकाखालच्या लांब नळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे आमचं नाही. हे आधीचं मॉडेल, एफ-तेरा. आमच्या एफएलची नळी वरच्या बाजूला असते." मग त्यांचा अंगठा डाव्या पंखावर आला. नखानं त्यांनी तो ठसा चाचपला, दोनदा. माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, "छान झालंय."

मला त्या वेळी आनंद झाला पाहिजे होता. झाला नाही. अकरा वर्षांच्या पोरीलाही कळतं की, ज्या माणसानं एक रिव्हेट वाकडा दिसला तर अख्खा पत्रा परत पाठवला, त्यानं हे सोडून दिलं. मला मुलगी म्हणून सोडून दिलं. शिक्का मिळाला नाही.

हा बहात्तरचा आकडा आला कुठून, हे मी पुढे शोधून काढलं. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो, हे त्यामागचं गणित. इंग्लंडमध्ये १९३६ साली फ्रॉग कंपनीनं याच प्रमाणात प्लास्टिकचे संच काढले आणि ते उडत नाहीत म्हणून त्यांना नाव दिलं पेंग्विन. मग युद्ध आलं. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे सावलीवरून ओळखायला शिकवायचं होतं, त्यासाठी याच मापाची नमुना-विमानं लागली. अमेरिकेच्या नौदलानं १९४२ साली शाळकरी मुलांकडून लाकडाची अशी लाखो विमानं करून मागवली. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. त्या मुलांचं काम खरोखर तपासलं जात होतं. माप चुकलं तर विमान नापास. खेळणं म्हणून कुणी पाठ थोपटत नव्हतं. पुढे १९५३ साली एअरफिक्सनं स्पिटफायर काढलं, दोन शिलिंगांना, वूलवर्थच्या दुकानांत, आणि त्यानंतर एका पिढीनं खाऊच्या पैशांतून हवाई दलं उभारली.

बहात्तरानं गुणायची सवय लागली की माणसाची नजर बदलते. मिग-२१च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे माझ्या टेबलावर दहा सेंटिमीटरही नाही. पण प्लास्टिकच्या पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर खऱ्या विमानावर ती छत्तीस मिलिमीटरची फळी होईल, म्हणून ती घासून घासून पात्यासारखी करायची. रंगात अडकलेला डोक्याचा केस म्हणजे पेन्सिलीच्या जवळपास जाडीचा दोर. रंग जरा दाट झाला की त्याचा थर पत्र्याहून जाड. ज्यांना हे वेड वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण एकदा असं पाहायला शिकल्यावर भाजी चिरतानासुद्धा हात वेगळा चालतो.

मधली वर्षं भराभर गेली. कॉलेज, पुण्यात बँकेतली नोकरी, लग्न, दोन मुलं. पस्तिशीत एका दुपारी लेकासाठी संच घेतला आणि तो मीच केला. तेव्हापासून सुटलेलं नाही. बाल्कनीतला एक कोपरा माझा झाला. कॉम्प्रेसर, एअरब्रश, चार नंबरांचे पॉलिश पेपर, सर्जिकल ब्लेड. चुकाही रीतसर झाल्या. एका नॅट विमानाच्या कॉकपिटवरची पारदर्शक टोपी मी घाईत सुपरग्लूनं बसवली. सकाळी पाहिलं तर आतून धुकं धरल्यासारखी पांढरी झालेली, गोंदाच्या वाफेनं. त्या टोपीआड मी आठवडाभर केलेलं कॉकपिट होतं, एकेक डायल टाचणीच्या टोकानं रंगवलेली. ती टोपी बदलता आली नाही.

हवाई दलाचा तिरंगी गोल बसवणं हा माझा सर्वांत आवडता भाग. कागदावरचं ते चित्र कोमट पाण्यात अर्धं मिनिट सोडायचं, कागद सुटला की ओल्या ब्रशनं सरकवत पंखावर आणायचं. खरखरीत रंगावर बसवलं तर खाली हवा अडकते आणि चकाकी येते, म्हणून आधी वार्निशचा तकतकीत थर हवा. केशरी, पांढरा, हिरवा. तोवर ते कुठल्याही देशाचं विमान असतं. गोल बसला की मी दोन मिनिटं काही करत नाही, नुसती बघते.

अण्णा १९९८ साली निवृत्त झाले. आता पंच्याऐंशी वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून आमच्याकडे असतात. मिगच्या अपघाताची बातमी आली की ते एकच विचारायचे, "नंबर काय होता?" बातमीत वैमानिकाचं नाव असायचं, गाव असायचं, विमानाचा नंबर नसायचा. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. वर्तमानपत्रं त्या विमानाला 'उडती शवपेटी' म्हणायची. तो शब्द घरात कुणी उच्चारला की ते उठून जायचे. वैमानिक गेले, पोरवयाची माणसं गेली, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त लागलं होतं. पण १९७१च्या युद्धात १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नमेंट हाउसवर ज्या मिगनी रॉकेटं डागली ती एफएलच होती, हेही त्यांना विसरता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच छातीत ठेवल्या. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला शेवटच्या मिग-२१ विमानांना निरोप दिला, पाण्याचे फवारे उडवून. आम्ही टीव्हीवर पाहिलं. बासष्ट वर्षांची सेवा, निवेदक म्हणाला. अण्णांनी रिमोट शोधला आणि आवाज बंद केला. चित्र मात्र शेवटपर्यंत पाहिलं.

त्याच आठवड्यात मी एफएलचा संच काढला. कपाटात सहा वर्षं पडून होता. मी तो घाबरून टाळत होते, हे आता लिहायला हरकत नाही. सुरुवातीची एफएल चंदेरी असायची, रंगाशिवाय, नुसता धातू. चंदेरी रंग कशालाच पोटात घालत नाही. हिरव्या-तपकिरी छटांखाली सांध्याची बारीक रेघ दडून जाते, चंदेरीत ती हातभरावरून दिसते. शिवाय अण्णांच्या डोळ्यांदेखत करायचं होतं.

अडीच महिने लागले. नाकावरची नळी प्लास्टिकची जाड होती, ती काढून इंजेक्शनची सुई बसवली. प्रत्येक पंखाखाली एकच पायलन, पाठीचा कणा बारीक, टोपी पुढे उघडणारी. एफएलच्या या खुणा अण्णांनी सांगितल्या आणि मी पुस्तकाशी ताडल्या. दोन-तीन ठिकाणी पुस्तकाचं आणि त्यांचं जमलं नाही. मी त्यांचं ऐकलं.

त्यांचे हात आता कापतात. नुसते मांडीवर असले की जास्त. वाटी, चमचा, काही हातात दिलं की थांबतात. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे झालेत. पंख जोडले त्या रात्री मी विमान तसंच टेबलावर ठेवलं, रंग अजून द्यायचा होता. मिगचे पंख टोकाकडे किंचित खाली झुकलेले असतात, दोन अंश. या मापात तो झोक टोकाला दीड मिलिमीटरही भरत नाही.

सकाळी मी उठले तेव्हा अण्णा माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले होते. काठी शेजारी. विमान त्यांनी उचललं नव्हतं. हनुवटी टेबलाच्या कडेपर्यंत आणून, एक डोळा मिटून, ते समोरून पाहत होते. मी मागे उभी राहिले. बराच वेळ गेला. मग त्यांनी हात पुढे केला आणि पंखांखालून दोन्ही टोकांशी बोटं नेली. हात थांबलेला होता.

"डावा वर आहे."

"अण्णा, मी बघून जोडलाय."

"मोज."

मी व्हर्नियर काढला. टेबलापासून उजवं टोक, मग डावं. पुन्हा उजवं. फरक अर्ध्या मिलिमीटरचा होता. मी आकडा सांगितला. त्यांनी मनात हिशेब केला, ओठ हलले.

"छत्तीस," ते म्हणाले. "छत्तीस मिलिमीटर. असं विमान मी सोडलं असतं?"

मी काही बोलले नाही. काल रात्री मीही ते पाहिलं होतं, दिवा बंद करताना.

"काढ," अण्णा म्हणाले. "परत जोड."

मी ब्लेडचं नवं पातं बसवलं, सांध्याच्या मागच्या टोकाशी टेकवलं आणि हलकेच ओढायला लागले. अण्णांनी खुर्ची जरा जवळ घेतली.