माकडटोपीतले गोल्फ

थंडीत गोल्फ खेळावे, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. पण आमचे दाजी निवृत्त झाले, पळसदरीला घर बांधून राहिले आणि भात कापलेल्या खाचरात गोल्फ खेळू लागले.

जानेवारीत खोपोली लोकलने त्यांच्याकडे गेलो, तर दुसऱ्या दिवशी पहाटेच हाक! दोघांच्या अंगात बनियन, शर्ट, दोन-दोन स्वेटर. वर मफलर, माकडटोपी.

"एका जाड कपड्यापेक्षा चार पातळ बरे. मध्ये हवा अडकते, तीच ऊब," इति दाजी.

तत्त्व खरे, पण एवढ्या कपड्यांत काठी खांद्यापर्यंत जाईना. गारठलेला चेंडू नीट उसळत नाही, म्हणून तो चुलीपाशी शेकून आणू म्हटले. तर म्हणे, मुद्दाम तापवलेला चेंडू नियमात बसत नाही! खेळणारे दोघे, प्रेक्षक एक म्हैस.

शेवटी दाजींनी एकेक कपडा बांधावर ठेवला. उरला कोपरावर उसवलेला, विटका स्वेटर.

"हाही काढा, हात मोकळा होईल."

"राहू दे रे. खरी ऊब याचीच."

ताईने विणलेला तो. तिला जाऊन तीन वर्षे झाली.

मी माकडटोपी खाली ओढली आणि चेंडू शोधू लागलो. समोरच होता, बराच वेळ दिसला नाही.