पश्चिमेची भिंत आणि कुलुपाबाहेरचा कट्टा

वाघोली, मांजरी, ताथवडे अशा पुण्याच्या कडेच्या भागांत नवी वसाहत उभी राहते, तेव्हा जाहिरातीतलं समाजकेंद्र काचेचं आणि वातानुकूलित असतं. अशा इमारतींचे नकाशे करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या वास्तूचं कुलूप फक्त बारसं-साखरपुड्याला निघतं, तिच्या गच्चीवर कितीही सौर पॅनेल बसवा, तिला पर्यावरणपूरक म्हणता येत नाही. तिच्यातलं सिमेंट आणि लोखंड तयार करायला लागलेली ऊर्जा आधीच खर्ची पडलेली असते. ती सार्थकी लागायची तर वास्तूत रोज माणसं हवीत.

माणसं पंख्याखाली सुखाने बसतील का, हे उन्हावर ठरतं. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य इथे किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा लागतो. दक्षिणेचं ऊन अडवणं सोपं. खरी परीक्षा पश्चिमेची, कारण दुपारी चारचं तिरपं ऊन छज्ज्याला जुमानत नाही. जिना, स्वच्छतागृह आणि सामानाची खोली मी त्या बाजूला ढकलते. भिंत रॅट-ट्रॅप बाँडची घेते. त्यात विटा कडेवर उभ्या रचतात आणि मधे पोकळी राहते. विटा सुमारे चतुर्थांशाने कमी लागतात, शिवाय पोकळीतल्या हवेमुळे उष्णता आत कमी येते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. आपल्याकडच्या गवंड्याला सुरुवातीला शेजारी उभं राहून ती दाखवावी लागते, पण एकदा हात बसला की काम झपाट्याने होतं.

पाण्याचा हिशेब सरळ आहे. ३०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २,१०,००० लिटर, आणि वाया जाणारं वजा केलं तरी दीड लाखाच्या वर. मात्र खाली बेसाल्ट आहे. अखंड कातळात खणलेला शोषखड्डा नुसता भरून वाहतो. मुरूम किंवा भेगाळलेला खडक सापडला तरच खड्डा घ्यावा, नाहीतर टाकी बांधून ते पाणी स्वच्छतागृहाला आणि झाडांना वापरावं.

मी सगळ्यात जास्त भांडते ते मात्र स्वस्तातल्या गोष्टींसाठी. दाराबाहेर रुंद ओसरी आणि कट्टा हवा, कुलुपाच्या बाहेर, म्हणजे किल्ली कुणाकडे आहे हे न विचारता आजोबांना पेपर वाचता येतो आणि मुलींना अभ्यास करता येतो. एका स्वच्छतागृहाचं दार बाहेरून हवं. घरकामाला येणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, माळी, पार्सल पोचवणारी मुलं दिवसभर वसाहतीत राबतात, आणि त्यांच्यासाठी नकाशात एक दारही नसतं. याचा मला खरोखर राग येतो. अंगणात मांडवाच्या खांबांसाठी नळकांडी आधीच पुरून ठेवावीत, मग दर गणपतीला फरशी फोडावी लागत नाही.

राज्याच्या बांधकाम नियमांप्रमाणे ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. समाजकेंद्र बहुधा तिथेच येतं, म्हणजे ते तुमच्या हक्काच्या जागेवर उभं राहतं. नव्या वसाहतीत घर घेत असाल तर विकसकाकडे त्याचा नकाशा मागा. पश्चिमेला काय आहे, कट्टा कुठे आहे, स्वच्छतागृहाचं दार कुठे उघडतं, हे पाया भरण्याआधी विचारा.