न्यू हेवन की आयोवा सिटी?

नाट्यलेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मला अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला, येल आणि आयोवा. दोन्हीकडे तीन वर्षं. उत्तर 15 एप्रिलपर्यंत कळवायचं होतं. "नाटक लिहायला एवढ्या लांब कशाला?" हा आजीचा प्रश्न सोबत घेऊनच मार्चमध्ये बडोद्याहून निघाले.

न्यू हेवन न्यूयॉर्कहून रेल्वेने सुमारे दोन तासांवर. येलचं रेपर्टरी थिएटर एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. 2021 पासून तिथलं नाट्यशिक्षण विनाशुल्क आहे. बाबांचा कौल अर्थातच तिकडे.

आयोवा सिटी लहान. फुटपाथवर लेखकांची वाक्यं कोरलेल्या ब्राँझच्या पाट्या, नाट्यगृह नदीकाठी. दर मे महिन्यात विद्यार्थ्यांच्या नव्या नाटकांचा महोत्सव होतो. आपल्या बडोद्यात जन्मलेले दिलीप चित्रे 1975 ते 1977 इथल्याच आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात होते.

तिथल्या वर्गात मी माझा एक प्रवेश वाचला. त्यातली आजी इंग्रजीत बोलत होती. एका मुलीने विचारलं, "ही घरी कशी बोलते?" मी तेच वाक्य आपल्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हटलं. क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "पुन्हा म्हण ना."

मी आयोवाला होकार कळवला. बाबा दोन दिवस गप्प होते. तुमच्यापैकी कुणी अशी निवड करणार असेल, तर जमल्यास आधी एकदा वर्गात बसून या.

आजीला फोन केला, तर म्हणाली, "माझं कुठलं वाक्य वाचलंस, ते आधी सांग!"